कव्हरवर नाव बासवाल्याचं, मग ऐकू येतो तो सॅक्सच का?

या वेळी जाझमधला डबल बास (उभा धरून वाजवायचं मोठं तंतुवाद्य) वाजवणाऱ्या चार्ल्स मिंगसच्या 'मिंगस आह उम' या अल्बमबद्दलच बरेच प्रश्न आलेत, त्यामुळे सदराची सगळी जागा त्यालाच देतेय.

प्रश्न : बास वाजवणाऱ्याचा अल्बम म्हणून मोठ्या अपेक्षेने लावला, पण सगळीकडे सॅक्स आणि ट्रॉम्बोनच पुढे. बासचे सोलो जवळजवळ नाहीतच. मग अल्बम मिंगसचा कसा?

खरं सांगू का, असं वाटणं अगदी साहजिक आहे, कारण लीडर म्हटलं की जो पुढे उभा राहून सगळ्यात जास्त वाजवतो तो असंच आपल्या डोक्यात असतं. ट्रम्पेटवाल्याच्या किंवा सॅक्सवाल्याच्या अल्बममधे ते बहुतेक वेळा खरंही असतं. बासवाल्याचं तसं नसतं. तो बँड खालून चालवतो. गाणं किती वेगात जायचं, कुठे थांबायचं, कुठली कॉर्ड (एकत्र वाजणारे सूर) कधी बदलायची, सोलो करणाऱ्याला मोकळं सोडायचं की मागून ढकलायचं, हे सगळं त्याच्या बोटांत असतं, आणि मिंगसच्या बाबतीत तर रचनाही त्याच्याच आहेत, नऊच्या नऊ.

त्याची कामाची पद्धतही वेगळी होती. आपल्या बँडला तो जाझ वर्कशॉप म्हणायचा, आणि 1950 च्या दशकात त्याने एक सवय लावून घेतली की वादकांच्या हातात लिहिलेला कागद द्यायचाच नाही, पियानोवर वाजवून किंवा गाऊन त्यांचा भाग त्यांच्याकडून पाठ करून घ्यायचा. म्हणजे जो सॅक्स तुम्हाला 'पुढे' वाटतोय तो मिंगसने शिकवलेलंच वाजवतोय, फक्त स्वतःच्या आवाजात.

आता 'बेटर गिट इट इन युअर सोल' परत लावा. सहा मात्रांची चाल आहे, चर्चमधल्या गॉस्पेल सभेसारखी, आणि वाजवता वाजवता मधेच कोणीतरी ओरडतंय ना, तो मिंगसच. बुकर अर्विनचा टेनर सॅक्सचा सोलो आला की एका जागी बाकीचा बँड गप्प होतो, खाली फक्त टाळ्या आणि ड्रम्स उरतात. बास पण नाही! आणि मग बँड परत येतो तेव्हा जो जोर जाणवतो तो बास नव्हता म्हणूनच जाणवतो. कधी वाजवायचं नाही हे ठरवणं हीसुद्धा लीडरशिपच, मला तर या अल्बममधली ती सगळ्यात भारी जागा वाटते.

आणि ड्रम्सवर डॅनी रिचमंड आहे, त्याच्याकडे लक्ष द्याच. हा माणूस आधी टेनर सॅक्स वाजवायचा, ड्रम्सकडे उशिरा वळला आणि मग मिंगसबरोबर वीसेक वर्षं वाजवत राहिला. मिंगस मधेच वेग बदलतो, दुप्पट करतो, परत खाली आणतो आणि रिचमंड त्याच क्षणी तिथे हजर, ही जोडी कानाला लागली की बासचा सोलो नाही ही तक्रारच राहत नाही.

तरीही निखळ बासच ऐकायचा असेल तर 1957 च्या 'द क्लाउन' अल्बममधलं 'हेशियन फाइट साँग' लावा. सुरुवातीला मिंगस एकटा, मग तीच छोटी ओळ परत परत येत राहते आणि बँड एकेक करून तिच्यावर चढत जातो.

प्रश्न : मला फोनवर बास नीट ऐकूच येत नाही. इक्वलायझरमधे बास वाढवला तर नुसती घुमघुम होते. काय करू?

बूस्ट बंद करा आधी. डबल बासची सगळ्यात जाड तार साधारण 41 हर्ट्झवर वाजते, इतका खालचा सूर फोनचा छोटासा स्पीकर काढूच शकत नाही, तो फक्त त्या सुराबरोबर येणारे वरचे सूर (हार्मॉनिक्स) देतो आणि बाकीचं आपला मेंदू जुळवून घेतो. बूस्ट केल्यावर ड्रम्स, पियानोचा खालचा भाग सगळंच एकदम फुगतं आणि मिंगसचं बोट तारेवरून सुटताना जो 'टक्' येतो तो त्यात बुडतो, आणि आपल्याला तर तोच हवा असतो. साधे वायरचे हेडफोन चालतील, आवाज मध्यम ठेवा आणि एका वेळी एकच ट्रॅक घ्या. पहिल्यांदा 'बूगी स्टॉप शफल' घ्या कारण तो बारा बारचा (चार-चार मात्रांच्या बारा तुकड्यांचा) ब्लूज आहे, चक्र तेच तेच फिरत राहतं त्यामुळे कानाला बास पकडून ठेवायला सोपं जातं.

प्रश्न : आपल्याकडे तानपुरा असतो तसंच का बासचं काम?

नाही हो. तानपुरा षड्ज धरून बसतो, हलत नाही. बासला प्रत्येक कॉर्डबरोबर हलावं लागतं, चार मात्रा असतील तर बहुतेक चारही मात्रांवर एकेक सूर, आणि पुढची कॉर्ड यायच्या आधीच तिकडे वळायला सुरुवात. म्हणून तर त्या वाजवण्याला वॉकिंग बास म्हणतात.

प्रश्न : 'फेबल्स ऑफ फॉबस' मधला हा फॉबस कोण? आणि या गाण्याला शब्द होते असं ऐकलं, ते कुठे गेले?

ऑर्व्हल फॉबस, अमेरिकेतल्या आर्कन्सॉ राज्याचा गव्हर्नर. सप्टेंबर 1957 मधे लिटल रॉक शहरातल्या सेंट्रल हायस्कूलमधे नऊ कृष्णवर्णीय मुलामुलींना प्रवेश मिळाला होता, कोर्टाचा निकाल त्यांच्या बाजूने होता, तरी या माणसाने त्यांना अडवायला राज्याचे नॅशनल गार्ड शाळेबाहेर उभे केले. शेवटी राष्ट्राध्यक्ष आयझेनहॉवरना केंद्राचं सैन्य पाठवावं लागलं तेव्हा कुठे ती मुलं वर्गात बसली. शाळेत जायला सैन्य लागावं! मिंगसचा राग समजायला एवढं पुरे आहे.

'आह उम' कोलंबिया कंपनीचा, मे 1959 मधे न्यूयॉर्कमधे रेकॉर्ड झाला, आणि त्यात हे गाणं नुसतं वाद्यांवर आहे. कंपनीने शब्द घेऊ दिले नाहीत असं सांगितलं जातं. पुढच्याच वर्षी, 1960 मधे, कँडिड नावाच्या छोट्या कंपनीसाठी त्याने ते शब्दांसकट केलं, 'चार्ल्स मिंगस प्रेझेंट्स चार्ल्स मिंगस' या अल्बमवर, तिथे मिंगस आणि रिचमंड वाजवता वाजवता सवाल-जवाब करतात आणि गव्हर्नरचं नाव घेऊन त्याची खिल्ली उडवतात. बँड चारच जणांचा, हे दोघं, सॅक्सवर एरिक डॉल्फी आणि ट्रम्पेटवर टेड कर्सन. दोन्ही लागोपाठ ऐका. मला स्वतःला कोलंबियावालं जास्त टोचतं, कारण त्यात ती लंगडत चालल्यासारखी सुरावट शब्दांशिवायच त्या माणसाला उघडं पाडते. पण राग ऐकायचा तर कँडिडच.

एक आणखी, 'आह उम'चे बरेच ट्रॅक मूळ एलपीवर कापून छोटे केलेले होते, नंतरच्या सीडीवर ते पूर्ण लांबीचे आले. तुमच्याकडचा ट्रॅक आणि मित्राकडचा ट्रॅक वेगळ्या लांबीचा दिसला तर गोंधळू नका.

प्रश्न : 'गुडबाय पोर्क पाय हॅट' ऐकून रडू आलं. कोणासाठी आहे?

सॅक्सवादक लेस्टर यंगसाठी, तो त्या चपट्या टोपीसाठी ओळखला जायचा. मार्च 1959 मधे तो गेला आणि दोनच महिन्यांत हे रेकॉर्ड झालं. सॅक्सवर जॉन हँडी आहे, त्याच्या सोलोत एके ठिकाणी सूर थरथरतो, जीभ फडफडवत वाजवलंय ते, तिथे खाली मिंगस काय करतोय ते ऐका, अजिबात घाई नाही, हँडीला हवा तेवढा वेळ देतोय.

प्रश्न : बासवाल्यांचे आणखी अल्बम सुचवा.

पॉल चेंबर्सचा 'बास ऑन टॉप', 1957 चा, यात मात्र तुम्हाला हवा तसा बास खरंच पुढे आहे आणि पहिल्याच ट्रॅकवर तो गज फिरवून वाजवलाय. चार्ली हेडनचा 'लिबरेशन म्युझिक ऑर्केस्ट्रा' मोठ्या ताफ्याचा आहे, स्पेनच्या यादवी युद्धातली गाणी त्यात येतात. डेव्ह हॉलंडचा 'कॉन्फरन्स ऑफ द बर्ड्स', 1973, पियानो नाही, दोन सॅक्स-बासरीवाले, ड्रम्स आणि हा. पियानो नसल्यामुळे बास लपायला जागाच नाही, म्हणून मी तर म्हणेन मिंगसनंतर थेट हाच घ्या, चेंबर्स मग निवांत.