वाचकांचे प्रश्न : लहान कॅबिनेट आणि पाण्याचे कूलिंग

प्रश्न : बारा लिटरच्या कॅबिनेटमध्ये मिनी-आयटीएक्स या छोट्या आकाराचा मदरबोर्ड, रायझन ७ ७७०० प्रोसेसर आणि २०० वॉटचे आरटीएक्स ४०७० ग्राफिक्स कार्ड बसवून दोन्हींना स्वतः जोडणी करून वॉटर कूलिंग करण्याचा माझा विचार आहे. वरच्या बाजूला २४० मिमीचा एकच रेडिएटर बसतो. तो पुरेल का? पाणी आधी कशातून न्यावे? काही भाग इथल्या उद्यमनगरातील कारखान्यांत करून घेता येतील का?
– एक वाचक, राजारामपुरी, कोल्हापूर

उत्तर : पाणी उष्णता नाहीशी करत नाही, ते ती फक्त पंख्यापर्यंत वाहून नेते; त्यामुळे आपल्या मांडणीचे यश ब्लॉक (चिपवर बसणारे, आतून पाणी वाहणारे ठोकळे) किती महागडे आहेत यावर नव्हे, तर रेडिएटरचे क्षेत्रफळ आणि त्यातून जाणारी हवा यांवर ठरेल. हा प्रोसेसर ६५ वॉटचा म्हणून विकला जात असला तरी मूळ सेटिंगवर तो ८८ वॉटपर्यंत वीज घेतो. त्यात कार्डाचे २०० वॉट मिळवले की २८८ वॉट होतात. पंखे शांत ठेवायचे असतील तर १२० मिमीच्या प्रत्येक भागाला सुमारे १०० वॉट असा ढोबळ हिशेब धरतात, म्हणजे अशा दोन भागांचा आपला रेडिएटर शांत पंख्यांवर सुमारे २०० वॉटचाच; पंखे वेगाने चालवले तर तो पुरेल, पण काठावरच. एप्रिलमध्ये खोलीचे तापमान ३६ अंशांवर गेले आणि पाणी त्याहून १२-१४ अंशांनी तापले, तर ते ५० अंशांच्या आसपास पोहोचेल. बहुतेक पंपांची मर्यादा ६० अंश असते. म्हणून कार्डाची वीजमर्यादा ८० टक्क्यांवर आणावी, असे मी सुचवीन. ४० वॉट कमी होतात आणि खेळताना फरक क्वचितच जाणवतो.

पाण्याच्या क्रमाची चिंता करू नये. मिनिटाला एक लिटर प्रवाह असेल तर २८८ वॉटने पाणी एका फेरीत जेमतेम ४ अंशांनी तापते, तेव्हा ज्या क्रमाने नळ्या कमी वळतील तो क्रम उत्तम. फक्त टाकीतले पाणी थेट पंपात उतरेल असे पाहावे, कारण पंपाचे वंगण ते पाणीच असते आणि कोरडा चालवलेला पंप लवकर खराब होतो.

खरी अडचण मिलिमीटरांची आहे. २४० मिमी हे दोन पंख्यांचे माप असून कडेच्या टाक्यांसह रेडिएटरची प्रत्यक्ष लांबी २७५ मिमीच्या आसपास भरते. जाडी ३० मिमी धरली तर पंख्यासह ५५ मिमी होतात आणि फिटिंगची, म्हणजे नळी जोडायच्या तोंडाची, उंची त्याहून वेगळी. खरेदीपूर्वी पुठ्ठ्याचे तुकडे याच मापाने कापून कॅबिनेटमध्ये बसवून पाहावेत. कार्डाचा ब्लॉक घेताना केवळ ‘४०७०’ हे नाव पाहून भागत नाही, कारण प्रत्येक कंपनीचे सर्किट बोर्ड वेगळे असू शकते. पहिल्याच जोडणीत कडक नळ्यांचा मोहही टाळावा. आतून १० आणि बाहेरून १६ मिमीची मऊ नळी अरुंद वळणावर सहसा चिमटत नाही.

उद्यमनगरात पंपाचा ब्रॅकेट किंवा ॲक्रिलिकची वितरण पट्टी (पाणी वेगवेगळ्या भागांकडे वळवणारी) नक्कीच करून मिळेल, मात्र कारागिराला एक गोष्ट स्पष्ट सांगावी : फिटिंगचा आटा (पेच) पाव इंची बीएसपी या ब्रिटिश पाइप मापाचा, समांतर, इंचाला १९ फेरे असा असतो. निमुळते आटे पाडणारा टॅप मारला तर फिटिंग पूर्ण बसत नाही आणि जोर लावल्यास ॲक्रिलिक तडकते. गळती थांबते ती ओ-रिंग या रबरी कड्यामुळे, टेफ्लॉन टेपमुळे नव्हे. म्हणून छिद्राभोवतीचा पृष्ठभाग सपाट आणि गुळगुळीत हवा. पट्टी ॲल्युमिनियमची मात्र करू नये, कारण तांब्याच्या ब्लॉकांसोबत एकाच पाण्यात ते गंजत जाते. पाणी भरल्यानंतर एसएमपीएसला (संगणकाच्या वीजपुरवठा-पेटीला) मदरबोर्डशिवाय सुरू करणारा जम्पर लावून केवळ पंप सुरू करावा, जोडांखाली टिश्यू पेपर ठेवावा आणि काही तास निरीक्षण केल्यावरच मदरबोर्डला वीज द्यावी.

प्रश्न : कोल्हापूरच्या पावसाळ्यात नळ्यांवर दव जमून मदरबोर्ड भिजेल का? नळाचे पाणी चालेल का?
– एक वाचिका, कळंबा

उत्तर : दव जमणार नाही. रेडिएटर खोलीच्याच हवेने थंड होत असल्याने आतले पाणी त्या हवेपेक्षा थंड होऊ शकत नाही, आणि दवासाठी पृष्ठभाग हवेपेक्षा थंड असावा लागतो. नळाचे पाणी मात्र मुळीच वापरू नये. त्यातील क्षार ब्लॉकच्या बारीक फटींत साचतात. नुसत्या डिस्टिल्ड पाण्यातही कालांतराने शेवाळ धरते, म्हणून गंजरोधक आणि जंतुनाशक असलेले तयार कूलंट घ्यावे व साधारण वर्षाने बदलावे. दुधाळ रंगाचे कूलंट दिसायला आकर्षक असले तरी त्यातील कण खाली बसतात, तेव्हा पारदर्शकच निवडावे.