पोलिसांनी संशयावरून चुलतभावाला दोन दिवस मारलं आणि सोडून दिलं. भरपाई मिळते का, किती, की विसरून जावं?

विसरायचं नाही. बाकीचं पुढे सांगतो, पण प्रश्नातले शेवटचे तीन शब्द वाचून गप्प बसवेना.

२०१६ साली माझ्या थोरल्या भावाला तांब्याच्या तारेच्या चोरीच्या संशयावरून उचललं. फौंड्रीत मोल्डर होता तो. तीन दिवस ठाण्यात, पण अटकेची नोंदच नाही, म्हणजे चोवीस तासांत मॅजिस्ट्रेटपुढे उभं करायची भानगडच नाही. चोर नंतर दुसराच निघाला. भाऊ घरी आला तो चपला हातात घेऊन. तळपायांवर पट्ट्याने मारलं होतं, पाय चपलेत मावत नव्हते. आईने कोमट पाण्याच्या परातीत त्याचे पाय घेतले तेव्हा त्याने टॉवेलचं टोक दातांत धरलं. आवाज केला नाही.

मी रिक्षा आणली होती. मामांनी परत पाठवली. "दवाखान्यात गेलास की एमएलसी हुतीया, मग पुन्यांदा उचलत्यात. दम धर." एमएलसी म्हणजे मारहाणीच्या जखमांची दवाखान्याने पोलिसांना कळवायची नोंद. आम्ही दम धरला. पंधरा दिवसांत तळवे दिसायला जसेच्या तसे झाले. आजही त्याला सलग तासभर उभं राहता येत नाही, मोल्डिंगचं काम सुटलं ते सुटलंच. चौदा महिन्यांनी मी मानवी हक्क आयोगाकडे अर्ज केला. घटनेला वर्ष उलटलं की आयोग चौकशी करू शकत नाही, कायद्यातच आहे. अर्ज परत आला.

तेव्हा मामा म्हणाले, "बरं झालं. मारल्या अंगाचं पैसं खायचं व्हय रं?"

हे वाक्य मला आजही सोसत नाही. भरपाई म्हणजे वळांची किंमत नव्हे. सरकारने चूक आपली म्हणून पदरात घेतल्याची ती पावती आहे. ओडिशाच्या नीलाबती बेहेरांचा मुलगा पोलिसांनी नेला आणि रेल्वे रुळावर मेलेला सापडला. त्या माऊलीने सुप्रीम कोर्टाला पत्र लिहिलं, कोर्टाने पत्रालाच याचिका मानलं आणि १९९३ साली दीड लाख द्यायला लावले. तिने मुलगा विकला का? मामा दरवर्षी कोल्हापूरच्या दसरा चौकात शाहू महाराजांच्या पुतळ्याला हार घालतात. महाराजांनी १९१८ साली हजेरी बंद केली, कारण नुसत्या संशयावरून माणसाला रोज चावडीवर उभं करणं त्यांना अन्याय वाटलं. हार घालायचा आणि घरातल्या पोराला दम धर म्हणायचं, हे मला पटत नाही.

तुमच्या "किती"ला ठरलेला आकडा नाही, कोर्ट प्रकरण बघून ठरवतं. भारताने छळविरोधी करारावर १९९७ साली सही केली, मंजुरी अजून दिलेली नाही, छळाविरुद्ध वेगळा कायदाही नाही. पण कबुलीसाठी मारहाण हा गुन्हा आहेच, न्याय संहितेचं कलम १२० बघा. आयोगाकडे तक्रारीला वकील लागत नाही, फी नाही. मात्र तो फक्त शिफारस करतो. आदेश हवा तर हायकोर्ट. आम्हाला त्यासाठी महालक्ष्मी एक्सप्रेसने मुंबई गाठावी लागली असती. ऑगस्ट २०२५ पासून हायकोर्टाच्या सर्किट बेंचचं काम इथेच कोल्हापुरात, सीपीआर या सरकारी रुग्णालयासमोर चालतं.

ठाण्यातल्या सीसीटीव्हीचं फुटेज लेखी मागा. सुप्रीम कोर्टाच्या २०२० च्या निकालाप्रमाणे ते अठरा महिने, निदान वर्षभर तरी, जपून ठेवायचं असतं.

मी वकील नाही. भीती खोटी असते असंही म्हणत नाही, मामांची भीती खरीच होती. भावाला लपवून भाकरी देणारा हवालदार त्याच ठाण्यातला होता, तेही सांगायला हवं. आणि चुलतभावाची स्वतःची तयारी नसेल तर त्याच्या नावाने तुम्ही लढू नका.

पण कधी सोडलं ते तुम्ही लिहिलं नाही. चार-आठ दिवसच झाले असतील तर हे वाचून संपायच्या आत त्याला सरकारी दवाखान्यात न्या. डॉक्टरला "पडला" म्हणून लिहू देऊ नका. कोणी, कशाने, कुठे मारलं ते त्याच्या तोंडून लिहून घ्यायला लावा, आणि तळपायांचे फोटो काढताना शेजारी आजचा पेपर ठेवा.