जिप्सी, जीप आणि डिफेंडर: गिअरबॉक्सचा स्विच ओळखायचा कसा?

जुन्या फोर बाय फोर गाड्यांबद्दल या वेळी आलेल्या पत्रांपैकी बरीचशी गिअरबॉक्सवर बसणाऱ्या, रिव्हर्सचा दिवा लावणाऱ्या एका छोट्या स्विचविषयीची होती. हा भाग महाग नसतो, पण चुकीचा बसवला तर गिअरबॉक्सच्या भोकातले आटे जातात आणि मग खर्चाला अंत राहत नाही, म्हणून निवडक प्रश्नांना सविस्तर उत्तरे देत आहे.

प्रश्न: माझ्याकडे २००४ ची जिप्सी किंग आहे. रिव्हर्स गिअर टाकल्यावर मागचा पांढरा दिवा लागत नाही. गिअरबॉक्सचा स्विच गेला, असे मेकॅनिकचे म्हणणे आहे. दुकानदाराने मात्र तीन वेगवेगळे स्विच समोर ठेवले आणि तिन्ही ‘जिप्सीला चालतील’ असे सांगितले. कोणता घ्यावा? (सातारा)

‘चालेल’ या शब्दावर सुटे भाग विकत घेऊ नयेत. जिप्सी हे एकच नाव १९८५ च्या अखेरीपासून २०१९ पर्यंत चालले. सुरुवातीच्या एमजी ४१० ला ९७० सीसीचे इंजिन आणि चार गिअर होते, १९९६ मध्ये आलेल्या किंगला १२९८ सीसीचे इंजिन आणि पाच गिअर मिळाले आणि २००० च्या सुमारास कार्ब्युरेटर जाऊन एमपीएफआय, म्हणजे इंधन फवारणारी इलेक्ट्रॉनिक यंत्रणा, आली. इतक्या वर्षांत सरकारी लिलावातून आणि रॅलीच्या हौसेतून हातोहात फिरलेल्या या गाड्यांमध्ये एकीचा गिअरबॉक्स दुसरीला बसवलेला सर्रास आढळतो. त्यामुळे आरसी बुकावरचे वर्ष दुकानदाराला सांगून भागत नाही. आपल्याला स्विच गाडीसाठी नव्हे, तर तिच्याखाली आज प्रत्यक्ष बसलेल्या गिअरबॉक्ससाठी हवा असतो.

खरेदीआधी दोष स्विचचाच आहे ना, याची खात्री करून घ्यावी. गाडी सपाट जागी लावून हँडब्रेक ओढावा, चाकांना पुढून-मागून दगड लावावेत आणि इंजिन बंद ठेवून फक्त इग्निशन चालू करावे. मग स्विचचे कपलर, म्हणजे वायरी जोडणारा प्लग, सोडवून गाडीकडच्या बाजूच्या दोन वायरी एका तुकड्याने एकमेकींना जोडाव्यात. दिवा लागला तर बल्ब, फ्यूज आणि वायरिंग ठीक आहे, म्हणजे दोष स्विचमध्ये किंवा त्याला दाबणाऱ्या यंत्रणेत आहे. दिवा लागला नाही तर नवा स्विच आणून काहीच साधणार नाही. जिप्सीच्या बाबतीत चिखल आणि पावसाने गंजलेले कपलर हेच कारण अनेकदा निघते.

मल्टिमीटरची ‘पीं’ ऐकून स्विच चांगला ठरवू नये, कारण तीस-चाळीस ओहमचा रोध असला तरी बरेच मीटर पीं करतात. जुन्या गाड्यांत रिव्हर्स दिव्याचा सगळा प्रवाह मधे रिले नसताना थेट या स्विचमधून जातो. २१ वॅटचे दोन बल्ब असतील तर तो साडेतीन अँपिअरच्या घरात असतो आणि अशा वेळी आतले संपर्क नुसता एक ओहम रोध धरून बसले तरी दिवे मिणमिणतात. त्यामुळे कपलर जोडलेले ठेवून, गिअर रिव्हर्समध्ये टाकून, स्विचच्या दोन टोकांमध्ये व्होल्टेज मोजावे. ते शून्याच्या जवळ हवे. अर्ध्या व्होल्टच्या वर दिसले तर संपर्क जळाले आहेत असे समजावे.

आता ओळख. जुना स्विच काढून, पुसून, सोबत घेऊन दुकानात जावे. सर्वांत आधी आट्यांचा बाहेरचा व्यास व्हर्नियरने मोजावा आणि मग दोन आट्यांमधले अंतर, म्हणजे पिच, पाहावे. व्यास १४ मिलिमीटर निघाला की पुष्कळ जण तेवढ्यावर थांबतात, पण १४ मिलिमीटरमध्ये १.२५ आणि १.५ असे दोन्ही पिच प्रचलित आहेत. चुकीच्या पिचचा स्विच पहिले दोन फेरे मुकाट आत जातो, तिसऱ्याला जड होतो आणि तेव्हा पाना लावून जोर केला की गिअरबॉक्सच्या ॲल्युमिनियममधले आटे सोलून निघतात. पिच गेज नसेल तर एक सोपा उपाय आहे. पेट्रोल गाड्यांमध्ये नेहमी दिसणाऱ्या १४ मिलिमीटरच्या स्पार्क प्लगचा पिच १.२५ असतो. तसा एक जुना प्लग घेऊन त्याचे आटे स्विचच्या आट्यांना टेकवावेत आणि दोन्ही उजेडासमोर धरावेत. आटे एकमेकांत पूर्ण बसून मधून उजेड आला नाही तर पिच १.२५ आहे, आणि एका टोकाला बसून दुसऱ्या टोकाला फट दिसली तर तो वेगळा आहे.

आटे जुळल्यावर वॉशर टेकतो त्या कडेपासून पिनच्या टोकापर्यंतची लांबी, पिनचे टोक गोळीसारखे आहे की सपाट, टर्मिनल एक आहे की दोन, आणि कपलरचा आकार, या क्रमाने पाहावे. कपलर शेवटी ठेवले आहे ते मुद्दाम. दुकानात सगळे आधी कपलर जुळवतात, पण कपलर वेगळे असले तर ते बदलता येते, पिनची लांबी मात्र बदलता येत नाही.

जुन्या स्विचच्या पाकिटावर किंवा पार्ट्स कॅटलॉगमध्ये मारुतीचा क्रमांक मिळाला तर काम पुष्कळ हलके होते. या क्रमांकातले पहिले पाच अंक भागाचा प्रकार सांगतात आणि त्यापुढचा हिस्सा तो कोणत्या मॉडेलसाठी आहे ते सांगतो. दोन पाकिटांवरचे पहिले पाच अंक सारखे आहेत म्हणून आतले स्विच एकच असतील, असे धरून चालू नये. दुकानदाराच्या तीन स्विचांची गोष्टही बहुधा तशीच असणार.

प्रश्न: आटे तंतोतंत जुळणारा नवा स्विच बसवला, तर आता गाडी कोणत्याही गिअरमध्ये असली तरी रिव्हर्स दिवा लागलेलाच राहतो. स्विच खराब निघाला असे समजावे का? (कोल्हापूर)

स्विच बहुधा चांगला आहे, पण तो आपल्या गिअरबॉक्सचा नाही. रिव्हर्स गिअर टाकला की गिअरबॉक्समधला शिफ्टचा दांडा सरकतो आणि त्यावरचा उंचवटा किंवा खाच स्विचच्या पिनसमोर येते. काही रचनांमध्ये पिन दाबली गेल्यावर दिवा लागतो, तर काहींमध्ये दाबलेली पिन सुटल्यावर लागतो. दोन्ही प्रकारचे स्विच बाहेरून सारखेच दिसतात.

तो काढून हातात घ्यावा आणि पिन मोकळी असताना मल्टिमीटर लावावा. मोकळ्या पिनलाच जोड दाखवत असेल आणि जुना स्विच याच्या उलट असेल, तर प्रकार चुकला आहे. दोन्ही एकाच प्रकारचे असतील तर नव्याची पिन लांब आहे आणि ती सतत दाबलेली राहते. अशा वेळी तांब्याचे दोन वॉशर घालून स्विच वर उचलण्याची युक्ती गॅरेजमध्ये सुचवली जाते. एका मिलिमीटरच्या आतला फरक असेल आणि आटे पुरेसे पकडत असतील तर ती निभावते. फरक त्याहून मोठा असेल तर मला ती पसंत नाही, कारण लांब पिन दांड्यावर सतत घासत राहते आणि तिचा कीस गिअर ऑइलमध्ये उतरतो.

प्रश्न: जिप्सीचा ४डब्ल्यूडीचा (फोर व्हील ड्राइव्हचा) दिवा लागत नाही. दुकानात त्यासाठी वेगळा स्विच मिळाला नाही, तेव्हा रिव्हर्सचाच बसवता येईल का? दिवा लागत नाही याचा अर्थ पुढच्या चाकांना ताकद जात नाही असा होतो का? (रत्नागिरी)

दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर आधी देतो, कारण त्याबाबत मोठा गैरसमज आहे. जिप्सीची ट्रान्सफर केस, म्हणजे गिअरबॉक्सची ताकद पुढच्या-मागच्या चाकांकडे वाटणारी पेटी, गिअरबॉक्सपासून वेगळी, मागच्या बाजूला टांगलेली असते आणि मधे एक छोटा शाफ्ट असतो. ४डब्ल्यूडीचा स्विच त्या ट्रान्सफर केसवर असतो. ट्रान्सफरचा दांडा फोर व्हीलच्या जागी गेला, एवढेच तो सांगतो. पुढच्या चाकांना हाताने फिरवायचे फ्री व्हीलिंग हब (चाक शाफ्टला जोडणारे किंवा त्यापासून सोडवणारे) असतील आणि ते ‘फ्री’वर राहिले असतील तर दिवा लागूनही पुढची चाके ओढणार नाहीत. उलट दिवा बंद असला तरी हब ‘लॉक’वर आणि दांडा जागेवर असेल तर गाडी चारही चाकांवर चालते. कोकणात पावसाळ्याआधी हब फिरवून पाहण्याची सवय दिव्यापेक्षा जास्त उपयोगी आहे.

आता स्विच. इथून जाणारा प्रवाह डॅशबोर्डवरच्या एका लहानशा बल्बपुरता असल्याने भारी संपर्कांचा रिव्हर्स स्विच त्याला विजेच्या दृष्टीने झेपेल, पण याउलट करू नये. इंडिकेटरसाठी केलेला नाजूक स्विच रिव्हर्स दिव्यांच्या वायरीवर घातला तर त्याचे संपर्क लवकरच जळतील. आटे आणि पिन जुळणे दोन्ही बाबतींत तितकेच आवश्यक आहे.

एक टर्मिनल असलेला स्विच अर्थिंग स्वतःच्या आट्यांतून घेतो, दोन टर्मिनलांचा दोन वायरींमधला जोड करतो. वायर कोणत्या प्रकारची आहे हे न पाहता ती चॅसीला टेकवून ‘ठिणगी बघणे’ हा प्रकार करू नये, त्यात फ्यूज उडतो किंवा वायर वितळते. त्याऐवजी बल्बचा टेस्ट लॅम्प घ्यावा, एलईडीचा नको. त्याचे एक टोक वायरीला आणि दुसरे चॅसीच्या स्वच्छ लोखंडाला लावून इग्निशन चालू करावे. डॅशबोर्डवरचा ४डब्ल्यूडीचा दिवा थोडासा तरी उजळला तर ही वायर दिव्यातून आलेली आहे आणि स्विचचे काम तिला अर्थिंग देण्याचे आहे. फक्त टेस्ट लॅम्प लख्ख पेटला आणि डॅशबोर्ड काळाच राहिला तर ती सरळ पुरवठ्याची वायर आहे, तिथे एका टर्मिनलचा स्विच लावणे म्हणजे शॉर्ट सर्किटला आमंत्रण.

प्रश्न: स्विचच्या बुडातून गिअर ऑइल पाझरते. टेफ्लॉन टेप गुंडाळून बसवला तर चालेल का? (अलिबाग)

आधी पुसून, थोडी गाडी चालवून, तेल कुठून येते ते पाहावे. वॉशरच्या कडेने येत असेल तर तांब्याचा किंवा ॲल्युमिनियमचा वॉशर नवा घालावा, एकदा दाबला गेलेला वॉशर पुन्हा नीट बसत नाही. स्विचच्या मधल्या प्लास्टिकमधून किंवा वायरीच्या तोंडातून येत असेल तर स्विच बदलण्यावाचून इलाज नाही. टेफ्लॉन टेप मला गिअरबॉक्सच्या जवळपास नको वाटतो. त्याचे तंतू आत जातात आणि एका टर्मिनलच्या स्विचचे अर्थिंगही त्याने तुटू शकते. मग तेल थांबते आणि दिवा बंद पडतो.

प्रश्न: माझ्या महिंद्रा एमएम ५४० ला मागच्या मालकाने पाच गिअरचा बॉक्स बसवला आहे. एमएम ५४० च्या नावाने आणलेला स्विच बसत नाही. (नाशिक)

तो बसणारही नाही, कारण मूळ एमएम ५४० चार गिअरची होती. बॉक्सच्या कुशीवर ओतीव अक्षरे किंवा ठोकलेला क्रमांक असतो. तारेच्या ब्रशने चिखल आणि ग्रीस काढून त्याचा फोटो घ्यावा, सोबत भोकाच्या जागेचा एक फोटो ठेवावा आणि दुकानात ‘जीपचा स्विच’ न मागता त्या बॉक्सचा मागावा. अशा गाडीत एकाहून जास्त भोके असू शकतात आणि एखाद्यात नुसता बूच असतो. बूच काढण्यापूर्वी तो तेलाच्या पातळीचा नाही ना, हे पाहावे. मुंबईत कुर्ल्याच्या सीएसटी रोडवर किंवा दिल्लीच्या मायापुरीत जुने बॉक्स फोडून विकणारे भेटतात. तिथे सुटा स्विच घेण्यापेक्षा आपल्यासारख्याच बॉक्सवर लागलेला स्विच आपल्या समोर काढून घ्यावा, म्हणजे ओळखीचा प्रश्नच राहत नाही.

प्रश्न: मी इंग्लंडमध्ये राहतो. जुनी लँड रोव्हर डिफेंडर घेतली आहे, कागदावर १९९३ ची आहे. रिव्हर्स स्विच मागितला की ‘एलटी ७७ की आर ३८०?’ असे विचारतात. शिवाय डिफ लॉक (पुढचा आणि मागचा शाफ्ट एकत्र बांधणारी यंत्रणा) काढल्यावरही त्याचा दिवा बराच वेळ जात नाही. (लेस्टर)

गाडीखाली शिरण्याआधी गिअरचा दांडा पाहावा. रिव्हर्स डावीकडे पुढे, पहिल्या गिअरच्या शेजारी पडत असेल तर बॉक्स एलटी ७७ आहे. उजवीकडे मागे, पाचव्याच्या खाली पडत असेल तर आर ३८०. डिफेंडरमध्ये आर ३८० हा १९९४ पासून ३०० टीडीआय इंजिनाबरोबर आला, तेव्हा १९९३ च्या गाडीत तो दिसला तर बॉक्स नंतर बदललेला आहे. दांड्याच्या मुठीवरच्या नकाशावर विसंबू नये, मूठ कुठलीही बसवता येते. प्रत्यक्ष गिअर टाकून पाहावा आणि बॉक्सवर ठोकलेल्या क्रमांकाशी ताडून घ्यावा.

डिफ लॉकचा दिवा उशिरा जाण्यात बहुतेक वेळा स्विचचा दोष नसतो. कोरड्या डांबरी रस्त्यावर डिफ लॉक लावून गाडी वळवली की पुढच्या आणि मागच्या शाफ्टमध्ये पीळ साठतो आणि दांडा काढला तरी आतली दातेरी कडी सुटत नाही. गाडी थोडी मागे घेऊन सरळ पुढे न्यावी, पीळ सुटला की दिवा जातो. तसे करूनही दिवा लागलेलाच राहिला तर स्विच जास्त आत बसला आहे का ते पाहावे. एलटी २३० ट्रान्सफर बॉक्सवरचा हा स्विच लॉक नटचा असतो, त्याची खोली वॉशर नव्हे, आपला हात ठरवतो. डिफ लॉक खरोखर लागलेला असताना, बॅटरी आणि टेस्ट लॅम्प जोडून, दिवा लागेपर्यंत स्विच हळूहळू आत फिरवावा. दिवा लागल्यावर आणखी अर्धा फेरा द्यावा आणि स्विच एका पान्याने धरून दुसऱ्याने नट कसावा, नाहीतर नटाबरोबर स्विचही फिरतो.