पहिल्या रविवारी कुणालाही मनाचं चित्र करू देऊ नका

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: नेरूळला मोठ्यांसाठी चित्रकलेचे वर्ग घेता, ऑगस्टमध्ये चार रविवारांची कोलाग्राफ कार्यशाळा (पुठ्ठ्यावर डकवून-सोलून प्लेट करायची, तिच्यात शाई भरून वरची पुसायची आणि ओल्या कागदावर छापायचं) ठरवली आहे, जाहिरातीत 'प्रायोगिक तंत्रं' असं छापूनही झालंय. आता नेमकं शिकवायचं काय, दाब देऊन छापणारा प्रेस नसेल तर काय करायचं, आणि शाळेतली मुलं याच बॅचमध्ये घेतली तर चालतील का. मी ठाण्यात वागळे इस्टेटमधल्या एका गाळ्यात छापचित्राचे वर्ग घेते. म्हणजे हवा तीच, बाजारही तोच, आणि येणारी माणसंही साधारण तशीच.

'प्रायोगिक' वाचून येणारा माणूस घरून पिशवी भरून आणतो. लेस, बटणं, शिंपले, काथ्या, जुन्या ओढणीच्या टिकल्या. पुठ्ठ्यावर सगळं फेविकॉलने डकवतो, त्यावर वॉर्निश, त्यावर शाई, आणि छापून निघतो एक काळपट डाग, ज्यात लेस तेवढी ओळखू येते. लेस ओळखू आली म्हणून सगळे खूशही होतात. पण ती लेस छापायच्या आधीही छानच होती की! शिवाय बटणं आणि शिंपले प्रेसमध्ये गेले की कागद फाटतो आणि फेल्टला, म्हणजे कागदावर दाबासाठी घालायच्या जाड लोकरी कापडाला, कायमचा खड्डा पडतो. प्लेटवर दोन-तीन मिलिमीटरपेक्षा उंच काही नको आणि टणक तर काहीच नको, एवढं दाराशीच सांगून टाका.

माझं मत विचाराल तर कोलाग्राफमध्ये खरा प्रयोग शाई भरण्यात आणि पुसण्यात आहे. काय डकवलं, हा भाग त्यामानाने सोपा. म्हणून पहिल्या रविवारी कुणीही स्वतःचं चित्र करायचं नाही. सगळ्यांना एकसारखी नमुना-पट्टी द्यायची, आणि या पट्ट्या तुम्ही आठवडाभर आधी स्वतः करून ठेवायच्या. पावसाळ्यात फेविकॉल एका दिवसात वाळेल या भरवशावर कार्यक्रम आखूच नका.

पट्टीला माउंटबोर्ड, म्हणजे फ्रेममध्ये चित्राभोवती लावतात तो जाड पुठ्ठा, घ्या. फ्रेमवाले माउंटची चौकट कापतात तेव्हा मधला तुकडा उरतो, तो ते अगदी किरकोळ पैशात देतात. पोस्टकार्डाएवढ्या तुकड्याचे सहा-सात भाग पाडा. एक भाग कोरा ठेवा. एकावर कटरने नुसत्या रेघा मारा. एका भागात वरचा पापुद्रा सोलून आतला तंतुमय पुठ्ठा उघडा करा. एकावर फेविकॉल जाड थापा, ब्रशचे फराटे दिसू देत. एकावर मलमलीचा तुकडा, एकावर बारीक पॉलिश पेपर, एकावर ओल्या फेविकॉलवर भुरभुरलेली रांगोळी. नीट वाळलं की हार्डवेअरच्या दुकानातला चपडा (पॉलिशची लाख) स्पिरिटमध्ये विरघळवून त्याचे दोन पातळ हात द्या, मागून आणि कडांनासुद्धा. एकच जाड हात दिलात तर बारीक पोत बुजून जातो.

मग वर्गात विचारा: यातलं सर्वांत काळं काय छापेल? बहुतेक जण फेविकॉलच्या जाड थराकडे बोट दाखवतात, कारण तोच डोळ्यांत भरतो. प्रिंट काढून कागद उलटला की तोच थर जवळजवळ पांढरा निघालेला असतो, भोवती फक्त एक काळी किनार. आणि जिथे काहीच डकवलं नव्हतं, नुसता पापुद्रा सोलला होता, तिथे गडद, मऊ काळा. कारण साधं आहे. वाळलेला फेविकॉल गुळगुळीत असतो, त्याच्यावरची शाई कापडाबरोबर निघून येते. थर जिथे संपतो त्या कोपऱ्यात मात्र ती अडकते. सोललेल्या पुठ्ठ्याचे तंतू शाई सोडतच नाहीत. ही एक गोष्ट डोळ्यांनी पाहिली की माणूस पुढच्या रविवारी पिशवी हलकी घेऊन येतो.

शाई भरायला माउंटबोर्डाचाच छोटा तुकडा वापरा, कोपऱ्याकोपऱ्यात दाबून भरायची. ऑफसेट छपाईची शाई चालते, फार घट्ट वाटली तर जवसाच्या तेलाचे दोन-चार थेंब घाला. पाण्याच्या शाया या कामाला नकोत, पुसेपर्यंत प्लेटवरच वाळतात. पुसायला आधी खळ दिलेली मलमल, गोल गोल आणि हलक्या हाताने. मग वर्तमानपत्राचा तुकडा सपाट धरून, आणि शेवटी तळहाताची कड. इथे सगळ्यांचं घोडं अडतं. आमच्याकडे एक निवृत्त बाई येतात, त्यांच्या हाताला सवय अशी की प्लेट घेतली की रात्रीचा ओटा पुसावा तशी लख्ख करून ठेवतात. त्यांचे सुरुवातीचे प्रिंट इतके फिके निघायचे की कागदावर नुसता उठाव दिसायचा. त्यांना मी एकच प्लेट तीन तऱ्हांनी पुसायला लावली: एकदा कमी, एकदा पूर्ण, आणि एकदा अर्धी कमी, अर्धी पूर्ण. तिसऱ्या प्रिंटमध्ये डावीकडून प्रकाश आल्यासारखं दिसत होतं. प्लेटवर त्यांनी काहीही बदललं नव्हतं. तुमच्या जाहिरातीतला 'प्रायोगिक' तो हाच.

दुसऱ्या रविवारी स्वतःची प्लेट, पण साहित्य तीनच: कापणं-सोलणं, फेविकॉल आणि कोणतीही एक पूड. पुडीत कार्बोरंडम, म्हणजे घासकामाची टणक पूड, मिळालं तर उत्तम. मुंबईत नागदेवी स्ट्रीटला अॅब्रेसिव्हवाल्यांकडे चौकशी करा, १२० ते २२० ग्रिट (कणांच्या बारीकपणाचा आकडा) म्हणा, आणि हाताळताना तोंडाला मास्क लावा. कणांच्या मधल्या फटींत शाई बसते, म्हणून त्याचा काळा मखमलीसारखा येतो. रांगोळीने करड्यापर्यंतच मजल जाते. कार्बोरंडम असं प्लेटवर चिकटवून छापायची पद्धत आणली चित्रकार आन्री गेट्झने, १९६०च्या दशकात फ्रान्समध्ये, आणि स्पॅनिश चित्रकार मिरोने पुढे त्यातून मोठमोठी छापचित्रं काढली. कोलाग्राफला हे नाव अमेरिकेत सिअॅटलच्या ग्लेन आल्प्स या छापचित्रकाराने १९५६च्या सुमारास दिलं. वर्गात इतिहास एवढा पुरे.

पावसाचं एक लक्षात ठेवा. दमट हवेत चपड्यावर पांढुरकी झाक धरते. फर्निचरचे पॉलिशवालेही याच कारणाने पावसात कां-कू करतात. तेव्हा ऊन पडेल ती दुपार साधा किंवा लांबून हेअर ड्रायर फिरवा. फेविकॉल दुधी दिसतोय तोवर त्यावर चपडा लावायचा नाही. न झाकलेला फेविकॉल ओल्या कागदाखाली मऊ होतो आणि कागद प्लेटला चिकटून बसतो. नंतर सोडवायला गेलात की दोन्ही जातात. आणि प्लेट साफ करताना स्पिरिट अजिबात नको, चपडा त्यातच विरघळतो. थोडं गोडेतेल आणि जुनं सुती कापड पुरतं.

तिसरा रविवार मला सगळ्यात आवडतो. प्रत्येकाने आपल्या प्लेटचा प्रिंट काढायचा, आणि पुन्हा शाई न लावता लगेच दुसरा काढायचा. हा दुसरा फिका प्रिंट बहुतेक जण रद्दीत टाकायला निघतात. काढून घ्या त्यांच्या हातातून, पुढच्या रविवारी लागतो. त्यानंतर विस्कॉसिटी, म्हणजे शाईच्या घट्ट-पातळपणावर चालणारी रंगीत छपाई, दाखवा. पॅरिसला हेटरच्या आतलिए १७ या छापचित्राच्या स्टुडिओत आपले छापचित्रकार कृष्णा रेड्डी आणि कैको मोती यांनी ज्यावर काम केलं ते हे तंत्र, आणि कोलाग्राफच्या चढउतारांवर ते फार छान खुलतं. खोलगट भागात गडद शाई भरून पुसून घ्या. मग दुसऱ्या रंगात भरपूर तेल घालून तो पातळ करा आणि कडक रोलरने फिरवा. तो फक्त उंचावट्यांना लागतो. तिसरा रंग घट्टच ठेवा आणि मऊ रोलरने दाबून फिरवा. तो खालच्या पातळीपर्यंत पोचतो, पण तेलकट रंगावर बसत नाही. एकाच प्लेटवर तीन रंग, आणि प्रेसमधून एकदाच काढायचं. यासाठी एक मऊ रोलर मात्र खरेदी करावाच लागेल, त्यात जुगाड चालत नाही. पहिल्या खेपेला रंग एकमेकांत मिसळून तपकिरी होतो, त्याचं फारसं मनावर घेऊ नका. तेलाचं प्रमाण हाताला कळायला वेळ लागतो.

प्रत्येक प्रिंटच्या मागे पेन्सिलीने लिहायला लावा: कोणती शाई, किती पुसलं, कोणता कागद. आणि एका वेळी एकच गोष्ट बदलायची. लोक कंटाळतात, तरी लावा. चांगला निघालेला प्रिंट पुन्हा काढता आला नाही, तर शिकलो काय ते सांगता येत नाही.

चौथ्या रविवारी पतंगाचा कागद. त्याचे तुकडे कापून, मागे गव्हाच्या पिठाची खळ लावून, शाई लावलेल्या प्लेटवर ठेवायचे आणि वर ओला कागद ठेवून प्रेसमधून काढायचं. आधीचे फिके प्रिंट इथे कामाला येतात. मात्र पतंगाच्या कागदाचा रंग पाण्यात उतरतो, त्यातही लाल आणि जांभळा जरा जास्तच. उतरू दिलात तर मजा, नको असेल तर आधी एक तुकडा भिजवून बघा. बाकी कागदाचं म्हणाल तर २५० ते ३०० जीएसएमचा सुती, अर्धा तास भिजवून टिपकागदात दाबलेला. काही हातकागद भिजवले की विरघळायलाच लागतात. ते बुडवू नका, पाण्याचा फवारा मारून प्लास्टिकमध्ये गुंडाळून ठेवा. छापून झालेले प्रिंट टिपकागदांच्या मध्ये वजनाखाली ठेवून टिपकागद रोज बदला, नाहीतर ऑगस्टमध्ये चौथ्या दिवशी बुरशीचे ठिपके दिसायला लागतात.

आता प्रेस. खोलगट भागात भरलेली शाई चमच्याने घासून कागदावर धड येत नाही, वर पुस्तकं रचूनही येत नाही. चमच्याने जमतं ते नुसतं वरून रोलर फिरवलेलं. माझा सल्ला असा की दुसरा रविवार सोडून बाकी तीन रविवार ज्या स्टुडिओत एचिंग प्रेस आहे तिथे जागा भाड्याने घ्या. डकवायचं काम तुमच्याकडेच होईल. पुढे वर्ग चालला तर रबाळे-तुर्भ्याच्या पट्ट्यात फॅब्रिकेटर आहेत, मापांचा आराखडा आणि जुन्या प्रेसचे फोटो घेऊन गेलात तर रोलर-बेडचं काम करून देतील. पण फेल्टवर पैसे वाचवू नका, आणि प्रेस तळमजल्यावरच ठेवा. दरम्यान पंजाएवढ्या प्लेटसाठी पास्ता मशीन (पास्त्याची कणीक लाटायचं हाताने फिरवायचं यंत्र) चालतं. थट्टा नाही, खरंच चालतं. त्यात ज्यूसचं टेट्रापॅक घालायचं: खोकं उघडून सपाट करा, आतल्या चकचकीत बाजूवर सुईने रेघा ओढा, हवा तिथे चंदेरी पापुद्रा सोला. रेघ काळी, सोललेलं गडद, उरलेलं उजळ. चपड्याची भानगडच नाही. कागद मात्र पातळ घ्या आणि खाली-वर फेल्टचा एकेक पातळ तुकडा.

एका प्रेसवर आठपेक्षा जास्त माणसं घेऊ नका, रांग लागते आणि रांगेतल्या माणसाची प्लेट वाळते. पुसताना पंखे बंद ठेवावे लागतात, त्याबद्दल कुरकुर होईल. पाण्याची बाटली आणि नॅपकिन आणायला आधीच सांगून ठेवा.

मुलांना या बॅचमध्ये घेऊ नका. स्पिरिट, कटर आणि फिरता रोलर, तिन्हीवर एकाच वेळी तुमचं लक्ष राहणार नाही. त्यांच्यासाठी शनिवारी वेगळे दोन तास ठेवा: पुठ्ठ्याचे आकार कापून डकवायचे, पाण्याची शाई रोलरने लावायची, चमच्याने घासायचं. दहा वर्षांच्या पुढची असतील तर टेट्रापॅकही द्या, सुईऐवजी रिफील संपलेलं बॉलपेन पुरतं.