पोटगीच्या तारखेला कोणती साडी नेसावी?

पोटगीच्या पहिल्या तारखेला आठ दिवस उरले असताना एक बाई माझ्याकडे समुपदेशनासाठी आल्या, तेव्हा त्यांच्या पिशवीत दोन साड्या होत्या. (ओळख पटू नये म्हणून काही तपशील बदलले आहेत.) एक आईने काढून दिलेली, विटलेली आणि पदराला रफू केलेली, दुसरी भावाने आणलेली, घडीही न मोडलेली. न्यायाधीशांना परिस्थिती दिसली पाहिजे, म्हणून जुनेर नेसावे आणि गळ्यात मंगळसूत्रही ठेवू नये, असे आईचे म्हणणे होते. सासरच्यांसमोर बहिणीने मान खाली घालून उभे राहू नये, असे भावाला वाटत होते. "ताई, तुम्हीच सांगा, कोणती नेसू?" असे त्यांनी विचारले.

कुटुंब न्यायालयात पहिल्यांदा जाणारे बहुतेक जण हे विचारतात, त्यामुळे माझे उत्तर तयार होते आणि मी ते जरा घाईनेच देऊन टाकले. दोन्ही नकोत, मुलाच्या शाळेत पालकसभेला जाताना जे नेसता, तेच स्वच्छ आणि इस्त्री केलेले नेसा. पुकारा होईपर्यंत बाकावर तासन्‌तास बसावे लागते, म्हणून कपडे आणि चपला सवयीच्या असाव्यात. पुरुषांना मी साधी पँट आणि पूर्ण बाह्यांचा शर्ट सांगते. गॉगल आणि मजकूर छापलेले टी-शर्ट घरी ठेवायला सांगते. काळा कोट आणि पांढरा बँड हा वकिलांचा पोशाख बार कौन्सिलच्या नियमांनी ठरलेला आहे, पक्षकारांसाठी असा गणवेश कोणत्याही कायद्यात नाही. न्यायालयात बोलावलेल्या सरकारी अधिकाऱ्यांच्या पोशाखावरही, त्यांच्या कार्यालयाच्या पोशाखनियमाचा भंग झालेला नसेल तर, न्यायालयांनी टिप्पणी टाळावी, असे सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी 2024 मध्ये सांगितले आहे. अर्थात न्यायालयाची अदब पाळावीच लागते.

मंगळसूत्राबद्दल शेजारणीने त्यांना आईच्या नेमके उलट सांगितले होते, की ते काढले तर केसच हातची जाते. या समजुतीमागे 2022 च्या मद्रास उच्च न्यायालयाच्या एका निकालाची अर्धवट ऐकलेली बातमी असावी, असा माझा अंदाज आहे. त्या निकालात पत्नीने ताली (तिकडचे मंगळसूत्र) काढून ठेवल्याचा विचार क्रूरतेच्या इतर पुराव्यांसोबत झाला होता. केवळ तेवढ्यावरून विवाह संपतो, असे न्यायालयाने म्हटलेले नव्हते. रोज घालत असाल तर घाला, घालत नसाल तर त्या दिवसापुरते चढवू नका, इतकेच मी सुचवले.

त्यांनी मान डोलावली, पण विटलेली साडी काही पिशवीत परत ठेवली नाही. थोड्या वेळाने खाली बघतच त्या म्हणाल्या, "आई म्हणते, मशीनचं तिथं बोलू नकोस." त्या घरी ब्लाउज शिवत होत्या, फॉल-पिको करत होत्या, आणि त्यातून महिन्याला सहाएक हजार रुपये मिळत होते. मला तेव्हा उमगले, की साडीचा प्रश्न मी फारच वरवर घेतला होता. हे उत्पन्न लपवायचे ठरले होते, आणि ते जुनेर त्याच ठरावाचा भाग होते.

मग आम्ही साड्या बाजूला ठेवून प्रतिज्ञापत्रावर बोललो. सर्वोच्च न्यायालयाच्या 4 नोव्हेंबर 2020 च्या 'रजनेश विरुद्ध नेहा' या निकालानुसार पोटगीच्या प्रकरणात पती आणि पत्नी दोघांनाही उत्पन्न, मालमत्ता, देणी आणि खर्च यांचे प्रतिज्ञापत्र द्यावे लागते, आणि अंतरिम, म्हणजे अंतिम निकाल लागेपर्यंतच्या, पोटगीचा विचार प्रामुख्याने त्यावरून होतो. पत्नी थोडेफार कमावते एवढ्यावरून तिचा हक्क संपत नाही, हेही त्याच निकालात आहे. उलट, खोटे लिहिल्याचे उघड झाले तर कारवाई होऊ शकते, आणि ज्या ठिकाणी तुम्ही खरे बोलत होता तिथेही शंका घेतली जाते. शिवाय पतीच्या बाजूने एका लग्नातला, पैठणी नेसलेला त्यांचा फोटो आधीच दाखल झाला होता. त्या फोटोशेजारी रफू केलेला पदर उभा राहिला असता, तर तो मुद्दाम नेसलेला आहे हे सांगायला वकिलाचीही गरज पडली नसती. आईचा हेतू वाईट नव्हता. पोरीचे हाल कुणाला दिसतच नाहीत, या धास्तीने ती माउली असे सुचवत होती, आणि ती धास्ती मला अगदीच निराधार वाटली नाही. मात्र हाल दाखवायला भाड्याची पावती, मुलाच्या फीची पावती आणि बँकेचे पासबुक ही कागदपत्रे होती, आणि त्यांची फाईल आम्ही त्याच दुपारी लावली. शिवणाचा हिशेब त्या एका वहीत ठेवत होत्या. ती वही वकिलांना दाखवायचे ठरले.

तारखेला त्या शिवलेले कपडे पोचवायला जाताना नेसतात तीच निळी सुती साडी नेसून गेल्या, आणि मंगळसूत्र रोजच्यासारखे गळ्यात होते. न्यायाधीशांनी प्रतिज्ञापत्र चाळून विचारले, की मशीन स्वतःचे आहे का. स्वतःचे आहे, दोन हप्ते राहिले आहेत, असे त्यांनी सांगितले. युक्तिवादात फोटो निघाला, तेव्हा त्या म्हणाल्या, "पैठणी जावेची होती, रात्रीच परत दिली." त्या दिवशी आदेश झाला नाही, पुढची तारीख पडली. आईने दिलेली साडी आता मशीनवर झाकायला वापरतात, असे त्यांनी पुढच्या भेटीत सांगितले.