वडिलांच्या चुलतभावाचा मुलगा माझा कोण?

प्रश्न : कुटुंबाच्या स्नेहमेळाव्यात हुबेहूब माझ्यासारखे नाक असलेले एक गृहस्थ ‘मी तुझ्या वडिलांच्या चुलतभावाचा मुलगा’ असे म्हणाले आणि पुढे काय बोलावे, हेच मला सुचेना. हे नाते कितपत जवळचे मानावे?

उत्तर : प्रत्येकाला ४ पणजोबा व ४ पणज्या असतात, त्यांपैकी एक जोडी तुम्हा दोघांची सामायिक आहे. चुलत भावंडांत सरासरी १२.५ टक्के जनुकीय वारसा समान असतो, तर तुमच्यात जेमतेम ३ टक्के, त्यामुळे नाकाचे साम्य हा योगायोगही असू शकेल (ते त्यांना सांगू नका!). त्याऐवजी घरातील जुने छायाचित्र त्यांच्यापुढे धरा, तुम्हाला अनोळखी असलेल्या चेहऱ्यांची नावे विचारा आणि ती मागच्या बाजूस मऊ पेन्सिलीने, दाब न देता लिहून ठेवा.