मक्याचं ग्लुटेन : गाईला की लॉनला?

प्रश्न : डॉक्टर, नमस्कार. माझ्या गोठ्यात ४ एचएफ (होल्स्टीन फ्रिजियन) जातीच्या गाई आहेत. पेंडीच्या दुकानदाराने 'मका ग्लुटेन' म्हणून २ पोती दिली, सरकी पेंडीपेक्षा भारी म्हणाला. प्रत्येकीला रोज २ किलो सुरू केलं, तर ८ दिवसांत गाई गव्हाणीला तोंड लावीनात. मुलाने मोबाइलवर पाहिलंय की हेच लॉनवर टाकलं की तण उगवत नाही. काय करू?
— एक वाचक, वाळवा

उत्तर : दादा, आधी पोत्यावरचा प्रथिनाचा आकडा वाचा. स्टार्चच्या कारखान्यात मका भिजवून दळतात, त्यातून दोन वेगळ्या वस्तू निघतात आणि बाजारात दोन्हींना ग्लुटेनच म्हणतात. एक पिवळी धमक बारीक पावडर, प्रथिनं ६० टक्क्यांच्या आसपास. दुसरी तपकिरी, कोंड्यासारखी, २० टक्क्यांच्या आसपास. पहिलीचा भाव देऊन दुसरी घरी आणलेले शेतकरी मी नोकरीत असताना कितीतरी पाहिले, आणि दर वेळी जीव हळहळला.

तुमची पोती पिवळ्या पावडरीची असतील, तर २ किलो एकदम हीच चूक झाली. चवीला ती गाईंना फारशी रुचत नाही. आठवडाभर २५० ग्रॅमच द्या, तीही मका भरड्यात आणि थोड्या गुळाच्या पाण्यात कालवून. मग हळूहळू अर्ध्या किलोपर्यंत न्या. दूध चांगलं असेल त्याच गाईला द्या, भाकड गाईवर हा खर्च नको. यातलं निम्म्याहून जास्त प्रथिन पहिल्या पोटात न कुजता पुढे जातं, म्हणून जास्त दुधाच्या गाईला ते लागू पडतं. पण त्यात लायसिन हा प्रथिनाचा गरजेचा घटक कमी, त्यामुळे सोयाबीन पेंड पूर्ण बंद करू नका. दुधाचं फॅट यानं वाढत नाही, त्यासाठी कडबा आणि वैरणच हवी. विट्याकडचे पोल्ट्रीवाले मात्र हे आवर्जून घेतात, बलक छान पिवळा होतो.

पोत्याला कुबट वास आला किंवा गठ्ठे झाले असतील तर एक मूठही घालू नका. २०१९च्या महापुरानंतर भिजलेली पेंड उन्हात वाळवून जनावरांपुढे टाकलेली मी कृष्णाकाठी पाहिली. बुरशीचं विष वाळवून जात नाही. ते दुधात उतरतं आणि दूध उकळलं तरी राहतं. ते दूध आपल्याच घरातली पोरं पितात.

आता लॉन. मुलाचं म्हणणं खरं आहे, पण अर्धंच. अमेरिकेत आयोवा स्टेट विद्यापीठाचे निक ख्रिश्चन्स गोल्फच्या गवतावरच्या बुरशीचा अभ्यास करत होते. मक्याचं पीठ टाकलेल्या जागी गवताचं बी रुजेना, तिथून ही गोष्ट कळली. ग्लुटेनच्या या वापराला १९९१ साली पेटंट मिळालं. ही पिवळी पावडर रुजणाऱ्या बियांची मुळंच वाढू देत नाही. उगवून आलेल्या तणाला ती काही करत नाही, उलट तिच्यात सुमारे १० टक्के नत्र असल्याने तण जोमाने वाढतं. तुमच्याकडे लव्हाळा असेल तर विसराच, तो गाठीवरून फुटतो. घोळ, केना यांचं बी रुजायच्या आधी टाकलं तर उपयोग. मात्र एकदा पाणी दिल्यावर दोन-तीन दिवस कोरडं लागतं, म्हणून आपल्या जुलैच्या झडीत पैसे वाया. दसऱ्यानंतर उघडीप बघून गुंठ्याला १० किलो फेका. नवं बी पेरलेल्या लॉनवर नको, तेही मरेल.

दाणा चांगला असेल तर तो गाईच्याच पोटात जाऊ द्या. लव्हाळा खुरप्यानं गाठीसकट काढा.